आपोआप टिंबे देणारी कळ

उर्दूतील 'बे', 'ते' आणि 'से' ही अक्षरे तुम्ही कशी ओळखता? आकार तर तिघांचाही सारखाच आहे. 'बे'च्या खाली एक नुक्ता, 'ते'वर दोन आणि 'से'वर तीन. एक नुक्ता इकडेतिकडे झाला की शब्द बदलतो.

तारेच्या भाषेतही असेच असते. या भाषेला मोर्स कोड म्हणतात. त्यात लहान आवाज म्हणजे टिंब आणि लांब आवाज म्हणजे रेघ. इंग्रजीतील 'ई' हे अक्षर एका टिंबाचे, 'आय' दोन टिंबांचे, 'एस' तीन टिंबांचे आणि 'एच' चार टिंबांचे. पाच टिंबे दिली तर तो ५ हा आकडा होतो. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असते. एका अक्षरातील खुणांमध्ये एका टिंबाइतकी जागा सोडतात, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांइतकी आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांइतकी.

सॅम्युएल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली. त्यानंतर तारेचा प्रसार झपाट्याने झाला. तार पाठवण्याची साधी कळ वर-खाली होणारी असे. प्रत्येक टिंबासाठी ती एकदा दाबावी लागे. म्हणजे एकट्या 'एच'साठी चार वेळा! दिवसभर असे काम केल्यावर मनगटाचे काय होत असेल? मराठीत 'कळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे दाबायची कळ; तुम्ही 'कल-पुर्जे' म्हणता त्यातल्या 'कल'च्या जवळचा हा शब्द आहे. दुसरा अर्थ म्हणजे वेदना. तारबाबूंना दोन्ही अर्थ चांगले ठाऊक होते. अमेरिकेत या दुखण्याला 'ग्लास आर्म', म्हणजे काचेचा हात, असे म्हणत. हात निकामी झाला की नोकरीही गेली. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंच्या या दुखण्याची नोंद नुकसानभरपाई देण्याजोग्या आजारांत झाली.

होरेस मार्टिन या अमेरिकन माणसाने यावर उपाय शोधला. त्याने एक अर्धस्वयंचलित कळ तयार केली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. 'व्हायब्रोप्लेक्स' हे तिचे नाव. लोक तिला 'बग' म्हणू लागले. बग म्हणजे किडा. कंपनीच्या चिन्हावरही किड्याचेच चित्र आहे.

ही कळ समजून घेण्यासाठी एक प्रयोग करा. पोलादी फूटपट्टीचे एक टोक बाकावर घट्ट दाबून धरा. बाहेर आलेले टोक बोटाने खाली दाबून सोडा. पट्टी थरथरते. बाहेरचा भाग लांब ठेवला तर ती सावकाश हलते, आखूड ठेवला तर भरभर. बगमध्ये अशीच एक लवचीक पट्टी असते आणि तिच्यापुढे एक दांडी जोडलेली असते. ही दांडी वर-खाली होत नाही, डावीउजवीकडे सरकते. अंगठ्याने ती उजवीकडे ढकलली की दांडी थांबते, पण पट्टी थरथरत राहते आणि टिंबांमागून टिंबे पडतात. पहिल्या बोटाने डावीकडे ढकलली की रेघ सुरू होते आणि बोट सोडेपर्यंत चालते. म्हणजे टिंबे यंत्राची आणि रेघा माणसाच्या. म्हणूनच तिला अर्धस्वयंचलित म्हणतात.

आता ती जुळवायची कशी ते पाहू. येथे घाई करून चालत नाही, क्रमाने जावे लागते. दांडीची आस सैल नको आणि आवळलेलीही नको. त्यानंतर मागचा स्क्रू असा फिरवा की स्वस्थ असताना पट्टी थांबवणाऱ्या चाकाला हलकेच टेकेल. मग दांडी किती सरकावी ते ठरवा. सुमारे ०.४ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या चार-पाच पानांच्या जाडीइतके अंतर पुरते.

यापुढचे काम सर्वांत नाजूक आहे. दांडी उजवीकडे दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टीची थरथर थांबवा. पट्टी अगदी स्थिर झाल्यावर टिंबांचा स्क्रू हळूहळू पुढे न्या. तो समोरच्या पातळ स्प्रिंगला नुसता टेकला पाहिजे, स्प्रिंग वाकता कामा नये. स्क्रू जास्त पुढे गेला तर टिंबे जाड होतात, मधली जागा नाहीशी होते आणि सगळी टिंबे एकमेकांना चिकटतात. मागे राहिला तर टिंबे बारीक पडतात आणि लवकर विरतात. नीट जुळलेली कळ एका ढकलण्यात दहा ते पंचवीस टिंबे स्पष्ट देते.

वेग बदलण्यासाठी पट्टीवर एक वजन असते. ते टोकाकडे सरकवले की वेग कमी होतो, दांडीकडे आणले की वाढतो. नवशिके वजन आत आणून मोठ्या ऐटीत टिंबे उडवतात, पण त्यांच्या रेघा मागे रेंगाळतात. ऐकणाऱ्याला असे ऐकणे फार त्रासाचे होते. तुमचा हात ज्या वेगाने चांगल्या रेघा काढतो, त्याच वेगाची टिंबे ठेवा. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात एक टिंब केवळ ०.०६ सेकंद टिकते. तेवढ्यात अंगठा उचलायला उशीर झाला की 'एच'चा ५ होतो. टिंबे मोजत बसू नका. 'एच' ऐकायला कसा लागतो हे आधी कानात बसू द्या. त्यासाठी साध्या कळीवर शिकून मगच बगकडे वळावे. कळ चिमटीत घट्ट पकडू नका. हात टेबलावर सैल असू द्या. घट्ट पकडलेल्या हातात पुन्हा तीच जुनी कळ येईल!

भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम', आजही मोर्समध्ये बोलतात. त्यासाठी आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. घरी बॅटरीवरच्या छोट्या ध्वनियंत्रावर सराव करायला मात्र परवाना लागत नाही. आता टिंबे आणि रेघा दोन्ही आपोआप देणारी इलेक्ट्रॉनिक साधनेही मिळतात. त्यांच्या खुणा एकसारख्या असतात. तरी अनेक हॅम बग सोडत नाहीत. बगवर प्रत्येकाची रेघ थोडी वेगळी पडते, कुणाची लांब, कुणाची आखूड. जुने मित्र नाव कळण्याआधीच त्या रेघांवरून पलीकडचा माणूस ओळखतात.