जवळची पुस्तकं : गारगोटीतल्या एका आठवड्याच्या वाचनाचा मागोवा

रोपलावणीचा जोर ओसरला की भुदरगड तालुक्याला थोडी उसंत मिळते. वेदगंगा दुथडी भरून वाहत असते, वीज येत-जात असते, बाजारपेठ दिवेलागणीलाच मिटते. वाचणाऱ्या माणसाला वर्षात याहून चांगले दिवस मिळत नाहीत. गेल्या आठवड्यात वाचायचं, बघायचं, फिरायचं ते सगळं आपल्याच टापूतलं, असं ठरवून टाकलं होतं. आजरा, कागल, पाटगाव, कोल्हापूर : गारगोटीहून सकाळच्या एसटीने निघावं आणि संध्याकाळी घरी यावं, एवढाच हा परिसर. त्याचं साहित्य मात्र आठवड्यात काय, वर्षातही वाचून संपणारं नाही.

सुरुवात राजन गवस यांच्यापासून केली. गवस मूळचे गडहिंग्लज तालुक्यातल्या करंबळीचे. गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. ‘तणकट’ या कादंबरीला 2001 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो आपल्या तालुक्याने स्वतःचाच मानला. या वेळी मात्र मी त्याआधीच्या दोन कादंबऱ्या पुन्हा काढल्या : ‘चौंडकं’ (1985) आणि ‘भंडारभोग’ (1988). पहिलीत देवीला सोडलेल्या मुलीची फरफट आहे, दुसरीत जोगत्या झालेल्या पुरुषाची.

चौंडकं हे वाद्य आमच्याकडे दारात येणाऱ्या जोगतिणींमुळे लहानपणापासून ओळखीचं. लाकडाचं पोकळ भांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली तार. भांडं काखेत दाबायचं, तार ताणून धरायची आणि छेडायची. तार सैल-घट्ट झाली की सूर खाली-वर होतो. डोक्यावर देवीचा जग, कपाळाला भंडारा आणि काखेत ते वाद्य. आमच्या पिढीने या बायांना सुपातून जोंधळे घातले, पाया पडलो आणि दार लावून घेतलं. लावलेल्या दारापलीकडची माणसं गवसांनी नावागावानिशी, त्यांच्याच बोलीत उभी केली. सौंदत्तीच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्या या मुलखाने ही दोन पुस्तकं वाचायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

वीज टिकली त्या रात्री राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ पुन्हा पाहिला. गवसांच्या याच दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर तो उभा आहे. 56व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि अजय-अतुल यांना संगीताचा मान याच चित्रपटाने मिळवून दिला. तो संपल्यावर दुसऱ्या रात्री ‘नटरंग’ लावला, आणि आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हाती लागली. ‘जोगवा’ सप्टेंबर 2009 मध्ये पडद्यावर आला आणि ‘नटरंग’ 1 जानेवारी 2010 ला. दोन्हींचं संगीत अजय-अतुल यांचं. ‘नटरंग’ ही कादंबरी 1978 ची, कागलच्या आनंद यादवांची. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेली ही दोन कथानकं तीन-चार महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्रभर पोचली. दोन्हींत विषय एकच आहे : समाजाने ज्याचं पुरुषपण हिरावून घेतलं किंवा नाकारलं असा पुरुष. ‘जोगवा’तल्या तायप्पाच्या अंगावर लुगडं चढतं ते देवीच्या नावाने, ‘नटरंग’मधला गुणा नाच्या होतो तो कलेच्या वेडापायी. एकाला सक्ती, दुसऱ्याची स्वतःची निवड. पण चावडीवरची नजर दोघांनाही तीच छळते. लागोपाठ पाहिले तर एक चित्रपट दुसऱ्यातला अर्थ उलगडून दाखवतो. सवड मिळाली की हे दोन्ही याच क्रमाने पाहा.

यादवांचा धागा हाती आलाच होता, म्हणून वाचनालयातून ‘झोंबी’ आणली. 1987 च्या या आत्मचरित्राला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे. माझ्या हाती आलेली प्रत दोनदा बांधणी केलेली. आतल्या पुठ्ठ्यावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. एप्रिल-मेचे शिक्के दाटीवाटीने उमटलेले, जून-जुलैत जवळजवळ काहीच नाही, दिवाळीपासून पुन्हा गर्दी. पेरणी, लावण, भांगलण यांतून हात मोकळे झाले की लोक वाचतात, हे त्या चिठ्ठीवर स्वच्छ दिसत होतं. समासात कुणीतरी पेन्सिलने रेघा ओढल्या आहेत, त्याही जिथे पोरगं शाळेसाठी बापाशी भांडतं तिथेच. बाप म्हणतो मोटेवर चल, पोराला हवी पाटी. सगळं पुस्तक या ओढाताणीचं आहे.

‘झोंबी’ अर्धी झाली तेव्हाच जे. पी. नाईक यांचं लेखन उघडलं. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म 1907 चा, जन्मनाव विठ्ठल हरी घोटगे. 1952 मध्ये गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं ते त्यांच्या कल्पनेतून. ग्रामीण भागातल्या मुलाला त्याच्याच भागात शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळं मिळावं आणि शिक्षणाचा गावाच्या कामाशी संबंध राहावा, ही त्यामागची दृष्टी. त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक यांनीही इथे काम केलं. पुढे 1964 ते 1966 या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव नाईकच होते. 1975 च्या त्यांच्या पुस्तकात भारतीय शिक्षणाचा एक त्रिकोण मांडला आहे : समता, गुणवत्ता आणि संख्या. शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या वाढवावी तर गुणवत्तेवर ताण येतो, गुणवत्तेचाच आग्रह धरावा तर गरिबाचं पोर मागे राहतं. तिन्ही एकत्र साधणं हीच खरी कसोटी, असं ते सांगतात.

हे विवेचन एरवी जड वाटलं असतं. पण शेजारी ‘झोंबी’ उघडी होती. नाईकांच्या तक्त्यात जो ‘शाळाबाह्य मुलगा’ आहे, तो यादवांच्या पुस्तकात चिखलाच्या पायांनी शाळेच्या दाराशी उभा आहे. बहिरेवाडीचा माणूस धोरण लिहितो, कागलचा माणूस त्याच प्रश्नाची आतून झालेली जखम लिहितो. ही दोन पुस्तकं एका बैठकीत वाचावीत, हीच माझी या आठवड्याची शिफारस.

आजऱ्याचं नाव निघालं की शिवाजी सावंत आठवणारच; त्यांचा जन्म तिथला, 1940 चा. ‘मृत्युंजय’ (1967) माझ्या पिढीने घरोघरी वाचली. 2025 च्या फेब्रुवारीत हिंदी ‘छावा’ पडद्यावर आला आणि 1979 च्या मूळ कादंबरीकडे नवे वाचक वळले. शाळकरी मुलं एवढं जाडजूड पुस्तक मागत असतील तर ती संधी दवडू नये. त्यांना ‘छावा’ द्यावी आणि जोडीला कमल गोखले यांचं संभाजी महाराजांवरचं चरित्रही द्यावं, म्हणजे कादंबरी कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो हेही त्यांना कळेल.

रविवारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा पाटगाव गाठलं. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या मौनी महाराजांचा मठ तिथे आहे. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेआधी त्यांच्या दर्शनाला आले होते, असं इतिहास सांगतो. अलीकडे पाटगावची ओळख मधाचं गाव अशीही झाली आहे. सातेरी माश्या लाकडी पेटीत नांदतात, म्हणून घराच्या परड्यातही मध तयार होतो. येताना एक बाटली घेतली.

शेवटी एका अभिमानाच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1945 मध्ये झाला, तो कोल्हापूर संस्थानात. मद्रासचा कायदा 1948 चा, महाराष्ट्राचा तर 1967 चा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभं आहे. वाचनालय ही रयतेची गरज आहे, हे आपल्या मुलखाने इतक्या लवकर ओळखलं होतं. तो वारसा सभासदांवाचून टिकणार नाही. गावातल्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा जास्त नसते. या आठवड्यात आपल्या घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन वाचनालयात जा, त्यांच्या नावाने सभासदत्व घ्या आणि पहिलं पुस्तक आपल्याच तालुक्यातल्या लेखकाचं मागा.