सैलानीचे नारळ, निप्पूरचे वाडगे

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाणा गाठलं की पुढे पिंपळगाव सराईकडून सैलानीला जाता येतं. होळीला इथे नारळांची होळी पेटते. 'बाहेरचं' झालेल्या माणसावरून नारळ उतरवायचा, कधी त्याचे अंगावरचे कपडेही सोबत घ्यायचे आणि सगळं आगीत टाकायचं. दर्गा हजरत अब्दुल रहमान ऊर्फ सैलानी बाबांचा. पण नवस फेडणाऱ्यांत हिंदू कुटुंबं भरपूर. घरात दुखणं शिरलं की धर्माची वेस कोण बघतो?

इराकमधल्या निप्पूरलाही हेच होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या उत्खननात तिथल्या घरांच्या जमिनीत पालथे पुरलेले मातीचे वाडगे निघाले, साधारण सहाव्या ते आठव्या शतकातले. त्यांवरचे अरामी मंत्र जेम्स माँटगोमेरी यांनी 1913 मध्ये छापले. ज्यू, मंडाई, सिरियाक अशा वेगवेगळ्या लिपींतले हे वाडगे. ज्यू मजकुरातही कितीतरी घरधन्यांची नावं इराणी. आतल्या बाजूला शाईची ओळ गोल गोल फिरत जाते. माणसाची ओळख बापावरून नाही, आईवरून: अमकीचा मुलगा, तमकीची मुलगी. लेकराबाळांना छळणाऱ्या लिलिथ या भुतिणीला तर काही वाडग्यांवर चक्क काडीमोड लिहून दिला आहे. ज्यू नवरा बायकोला देतो तसाच रीतसर कागद, त्यावर यहोशुआ बार पेराह्या या जुन्या धर्मगुरूचा अधिकार. कागद घे आणि या घरातून नीघ. धर्मशास्त्रातला व्यवहार आणि मंत्रतंत्र इथे वेगळे काढताच येत नाहीत.

काही वाडग्यांच्या मध्यभागी चित्र असतं. हातापायांत बेड्या घातलेलं भूत. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. बांधलं आहे भुताला, आजारी माणसाला नाही. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंड पडले ते जिवंत माणसांच्या पायांत. नारळ उतरवणाऱ्या आईच्या मायेवर माझा राग नाही. त्या साखळीवर आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भुताच्या बहाण्याने बांधून मारहाण करणं गुन्हा ठरवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली. सैलानीहून परतलेल्या घराने 14416 या सरकारी क्रमांकावरही फोन लावावा. मनाच्या दुखण्यावर तिथे फुकट सल्ला मिळतो.