गिऱ्हाइकाची माहिती : दुकानदाराकडील अमानत

उधारीची वही गल्ल्यावर उघडी टाकू नये, एकाची बाकी दुसऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नये, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. एखाद्या सभ्य माणसाकडे चार महिन्यांचे किराणाचे पैसे थकले असले, तर ती गोष्ट दुकानदार आणि तो माणूस या दोघांतच राहत असे. शिवणकाम करणारे उस्ताद बायकांच्या मापांची वही कपाटात ठेवीत. याला कोणी कायदा म्हणत नव्हते. ती दुकानाची इज्जत होती.

आज ती वही फोनमध्ये गेली आहे. कपड्यांची मापे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. उधारीचा हिशेब अ‍ॅपमध्ये लिहिला जातो. कारागीर कामावर ठेवताना त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढून घेतला जातो. उमराहला जाणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट टूर्सवाल्यांच्या फोनमध्ये असतात. काही दिवसांपूर्वी आम्ही एका झेरॉक्सच्या दुकानात एक कागद छापून घेण्यासाठी गेलो होतो. तेथील संगणकाच्या पडद्यावर आदल्या गिऱ्हाइकांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, मुलांचे दाखले अशी कितीतरी कागदपत्रे नावानिशी दिसत होती. दुकानदार प्रामाणिक माणूस होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पुसून टाकायचे राहून गेले होते, एवढेच. पण वही चोरायला कपाट फोडावे लागे. संगणकावरचे कागद पेन ड्राइव्हमध्ये घालून न्यायला एक मिनिट पुरते.

अशा माहितीसाठीच देशात कायदा झाला आहे. तो मोठमोठ्या कंपन्यांसाठी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळ व्यापारी बांधवांना वाटते. तसे नाही. म्हणून या कायद्याची ओळख येथे करून देत आहोत.

कायदा कसा आला?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या योजनेला आव्हान दिले होते, त्या प्रकरणातला हा निकाल होय. त्याच वर्षी सरकारने कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे तेच हे न्यायमूर्ती. समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. पुढे एक विधेयक मांडले गेले, ते २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाची कलमे लगेच आणि दुकानदार-कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू करण्याचे त्यात ठरले. ही मुदत तयारीसाठी दिलेली आहे.

दुकानदाराला कायदा काय म्हणतो?

ज्याची माहिती आहे तो माणूस तिचा धनी. त्या माहितीचे काय करायचे हे जो ठरवतो, त्याला या कायद्यात 'डेटा फिड्युशरी' असे नाव दिले आहे. शब्द अवघड आहे, पण अर्थ सोपा. ज्याच्या हवाली दुसऱ्याची चीज विश्वासाने केली आहे तो. आपल्या भाषेत सांगायचे तर अमानतदार. यात कंपनी, बँक, इस्पितळ येते, तसा एका गाळ्याचा दुकानदारही येतो.

केवळ कागदावर असलेली वही या कायद्यात येत नाही. मात्र त्याच वहीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला किंवा तिच्यातील नावे संगणकावर चढवली, की ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते. घरगुती कामासाठी ठेवलेले नातेवाइकांचे नंबर यात येत नाहीत. धंद्यासाठी ठेवलेली यादी येते.

मग प्रत्येक गिऱ्हाइकाकडून लेखी परवानगी घ्यायची काय? त्याची गरज नाही. कायद्यातच औषधाच्या दुकानाचे उदाहरण दिले आहे. एखादी बाई औषध घेते, आपण होऊन फोन नंबर देते आणि पैसे मिळाल्याची पावती त्यावर पाठवा असे सांगते. दुकानदाराने त्या नंबरवर पावती पाठवावी. त्यासाठी वेगळी संमती लागत नाही. पण नंबर पावतीसाठी दिला होता, हे विसरता कामा नये. त्याच नंबरवर ईदच्या सेलच्या जाहिराती पाठवायच्या असतील, किंवा तो नंबर शेजारच्या फर्निचरवाल्याला द्यायचा असेल, तर गिऱ्हाइकाला आधी विचारले पाहिजे. विचारणेही स्पष्ट हवे. गिऱ्हाईक गप्प राहिले म्हणजे त्याने होकार दिला, असे कायदा मानत नाही. शिवाय जितक्या सहज होकार घेतला, तितक्याच सहज तो परत घेता आला पाहिजे.

अठरा वर्षांखालील मुलाची माहिती अशी संमतीने घ्यायची असेल, तर ती संमती आईवडिलांची लागते. शिवणकामाचे किंवा संगणकाचे वर्ग चालवणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

काम संपले की माहिती पुसून टाकावी, असेही कायदा सांगतो. अर्थात दुसऱ्या कायद्याने जे कागद जपून ठेवायचे आहेत ते ठेवावेच लागतात. जीएसटीचा हिशेब व बिले वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवायची असतात. तेव्हा बिल ठेवावे. पण फॉर्म भरून झाल्यावर गिऱ्हाइकाचे आधार कार्ड संगणकावर ठेवण्याचे कारण उरत नाही.

दंड किती?

माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा ऐकून घाबरून जाऊ नये. कसूर किती गंभीर होती, किती दिवस चालली, नुकसान कमी करण्यासाठी काय केले, हे पाहून भारतीय डेटा संरक्षण मंडळाने दंड ठरवायचा आहे. काही प्रकारच्या छोट्या संस्थांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकारही सरकारने राखला आहे. परंतु ती सूट मिळाली तरी माहिती सांभाळण्याच्या जबाबदारीतून सुटका नाही. यादी असलेला फोन चोरीस गेला, तर ही कलमे लागू झाल्यावर संबंधित गिऱ्हाइकांना आणि मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, आणि सविस्तर माहिती बहात्तर तासांत मंडळाकडे द्यावी लागेल.

आपणही कोणाचे तरी गिऱ्हाईक आहोत

आता दुसरी बाजू पाहू. मालासाठी पैसे कमी पडले म्हणून एखादा कारागीर फोनवरच्या अ‍ॅपमधून कर्ज काढतो. असे कर्ज घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. अ‍ॅप उघडताच ते विचारते, फोनमधील नंबर पाहू का? घाईत 'होय' दाबले जाते. पुढे एक हप्ता चुकला की वसुलीवाले त्याच्या गिऱ्हाइकांना, व्याह्यांना, कच्चा माल देणाऱ्या शेठला फोन करू लागतात. वीस वर्षांची पत एका दिवसात जाते. आणि ध्यानात घ्या, त्या बोटाने त्याने केवळ स्वतःची माहिती दिलेली नसते. ज्यांनी विश्वासाने आपला नंबर दिला होता अशा शेकडो माणसांची माहिती त्याने परक्याच्या हाती दिलेली असते.

हे रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच नियम केले आणि २०२५ च्या निर्देशांतही ते ठेवले. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील नंबरांची यादी, कॉलची नोंद, फोटो व फाइली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक वा ठिकाण यांची परवानगी ओळख पटवण्यापुरती, एकदाच आणि संमतीने घेता येते. तेव्हा जे अ‍ॅप नंबरांची यादी मागते, ते तेथेच बंद करावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

मोठ्या दुकानात बिल करताना फोन नंबरासाठी अडून बसतात. नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. नव्या कायद्याप्रमाणे माहितीसाठी संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी लागेल. त्यात मराठी आहे, तशी उर्दूही आहे. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा व ती पुसण्यास सांगण्याचा हक्क आपल्याला मिळणार आहे. तक्रार प्रथम त्या कंपनीकडे करायची, तेथे दाद लागली नाही तर मंडळाकडे. खोटी तक्रार करणाऱ्यास मात्र दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्यात उणिवा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना यातून मोकळे करू शकते. आणि दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते; ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून भरपाई मिळत नाही. म्हणूनच माहिती फुटण्याआधीची काळजी महत्त्वाची.

या आठवड्यात करण्याची कामे

फोनला व दुकानाच्या संगणकाला पासवर्ड लावावा आणि तो काउंटरवर चिकटवून ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कागदपत्रे काम झाल्यावर रोज संध्याकाळी पुसावीत. आधार कार्ड मागायचेच असेल, तर शेवटचे चार आकडेच दिसतात अशी झाकलेली प्रत चालते का ते पाहावे. जाहिरातीच्या यादीत नाव घालण्यापूर्वी विचारावे आणि नको म्हटल्यास त्याच दिवशी काढावे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांनी पासवर्ड लागला तर गिऱ्हाइकाकडूनच टाकून घ्यावा. दुकानातील मुलांना हे सर्व समजावून सांगावे, कारण बहुतेक चुका त्यांच्या हातून, नकळत होतात.

यासाठी पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही. कपाटाला कुलूप लावण्याची जी सवय आपल्या वडिलांना होती, ती फोनला लावायची आहे.