ओंडक्यांच्या घराचं छत

फिनलंडमधल्या ओंडक्यांच्या घरांचे फोटो बघताना मी आधी छत बघतो. खरी गंमत तिथेच आहे! ओंडके वाळतात, दबतात आणि भिंत उंचीच्या दर मीटरमागे १० ते ५० मिलिमीटर खाली बसते. तिच्याबरोबर छतही उतरतं. विटांचं धुराडं मात्र जागचं हलत नाही. त्यामुळे छताचा जिप्सम बोर्ड धुराड्याला घट्ट भिडवला, की तडा ठरलेलाच. तिथे फट सोडायची आणि ती झाकणारी पट्टी फक्त छताला ठोकायची.

छतासाठी माझी पसंती एकमेकींत अडकणाऱ्या पाइनच्या फळ्यांना. लाकूड फुगलं-आकसलं तरी सांधे सांभाळून घेतात. सगळीकडे पिवळं लाकूड अंगावर येत असेल, तर फळ्यांना पांढुरका हात द्यावा. खोली लगेच उजळते.