आपत्तीनंतरचें मन आणि दुरून मिळणारा आधार

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची धरणी हादरली. आदल्याच रात्रीं गणपतीचें विसर्जन झालें होतें. दगडामातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों जीव गेले. अशा प्रसंगीं पडलेल्या घरांचा पंचनामा होतो, मनाच्या पडझडीचा होत नाहीं. झोप उडणें, लहानशा आवाजानें दचकणें, आपणच कां वांचलों हा सल, हीं लक्षणें मदतीचीं पथकें परत गेल्यावरही कित्येकांत महिनोन्‌महिने टिकतात.

त्या वेळीं माणसांच्या खिशांत टेलिफोन नव्हता. आज आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं भारत सरकारनें ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक लावला असतां रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतही, प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज भासल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाशीं गांठ घालून देतो. बेंगळूरची ‘निम्हान्स’ ही या सेवेची मध्यवर्ती संस्था होय.

समुपदेशकानें ‘काय काय पाहिलेंत तें सर्व सांगा’ असा आग्रह धरावयाचा नसतो. ताजी जखम उकरल्यानें ती भरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेंत पाहणें, ऐकणें व मदतीशीं जोडून देणें अशीं तीन कामें सांगितलीं आहेत. यांतलें पहिलेंच टेलिफोनवर साधत नाहीं. कांपणारे हात, तसेंच राहिलेलें ताट हें दुरून दिसणार कसें? तें आशाताईनें किंवा गांवच्या शिक्षकानें पाहावें लागतें.

शिवाय महापुरांत मनोरेच बंद पडतात. पहिले कांहीं दिवस हें साधन बहुधा मुकेंच असतें. त्याचा खरा उपयोग पुढें. परंतु तेव्हांही अडचण उरतेच. भूकंपानें भिंती पडल्या, तरी पत्र्याच्या निवाऱ्याला कान असतातच! सासूच्या शेजारीं बसलेली सून ‘बरं आहे’ एवढेंच म्हणते. म्हणून ‘आतां मोकळेपणीं बोलतां येईल का?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. नसल्यास केवळ ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणून भागेल असे प्रश्न करावे, आणि सोईची वेळ ठरवून घ्यावी. संभाषण मध्येंच तुटलें तर पुन्हां कोणी लावावयाचें हेंही आधींच ठरलेलें बरें. जीव देण्याचा विचार बोलण्यांत डोकावला, तर टेलिफोन खालीं न ठेवतां जवळच्या माणसास बोलावून घ्यावें लागतें.

वर्ष भरतें त्या सुमारास शांत झालेलें दुःख पुष्कळदां पुन्हां उसळतें. जाणता समुपदेशक ती तारीख टिपून ठेवतो. किल्लारीसारख्या गांवाबाबत अनंतचतुर्दशीही.