औषध घ्या, पण पक्के बिल मागून

कापडाच्या धंद्यात नकली माल नवा नाही. नावाजलेल्या गिरणीचा शिक्का भलत्याच थानावर मारणे, मिसळ धाग्याचे कापड शुद्ध सुती म्हणून खपवणे, हे प्रकार आम्ही व्यापारी वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण कापडाचे एक बरे असते. गिऱ्हाईक ते बोटांत धरून पाहतो, वाटल्यास एक धागा ओढून जाळून पाहतो, आणि इतके करूनही फसलाच तर पहिल्या धुण्यात त्याला सारे कळून येते. नुकसान होते ते शे-दोनशे रुपयांचे. औषधाच्या गोळीचे तसे नाही. ती हाताला काही सांगत नाही, डोळ्याला काही दाखवत नाही. ताप उतरला नाही तर माणूस नशिबाला दोष देतो, डॉक्टरला दोष देतो, पण गोळीवर संशय घेत नाही. नकली औषधाचा धंदा चालतो तो याच भरवशावर.

आमच्या धारणीसारख्या गावात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. धारणीपासून अमरावती हे जिल्ह्याचे ठिकाण जवळजवळ दीडशे किलोमीटर, आणि मधला रस्ता हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा जंगलाचा व घाटाचा. याउलट मध्य प्रदेशची हद्द अगदी जवळ. देडतलाईवरून बऱ्हाणपूर आणि खंडवा या बाजारपेठांशी येथील व्यापाऱ्यांचा जुना व्यवहार आहे. सीमेवरच्या बाजारात दोन राज्यांचा माल एकत्र होतो, पण औषधांची तपासणी करणारी खाती मात्र दोन राज्यांची वेगवेगळी आहेत. औषध निरीक्षकाची गाडी इथपर्यंत रोज येणार नाही, हे उघड आहे.

त्यात येथील गिऱ्हाईक कोण? बाजाराच्या दिवशी पाड्या-पाड्यांतून आलेला कोरकू बांधव. मजुरीच्या पैशातून तेल-मीठ घ्यायचे, लुगडे घ्यायचे आणि उरलेल्या पैशात तापाच्या चार गोळ्या. पूर्ण पाकीट घेण्याची ऐपत नसते. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. गोळ्या कापल्या की ज्या भागावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते तो भाग बहुधा दुकानातच राहतो. कधी तर गोळ्या नुसत्या कागदाच्या पुडीत येतात. अशा पुडीत कोणत्या कंपनीचे काय आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही आणि उद्या तक्रार करायची म्हटले तर दाखवायलाही काही नसते. पाकिटावरची अक्षरे इंग्रजी, घेणाऱ्याची बोली कोरकू. फसवणाऱ्याला याहून सोयीचे गिऱ्हाईक कुठे मिळेल?

नकली कशाला म्हणतात?

या बाबतीत लोकांचा फार गोंधळ आहे, म्हणून प्रथम तो दूर करणे जरूर आहे. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. त्यात वाईट औषधांचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याच्या नावाने किंवा अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाने विकलेले, किंवा असली औषधाऐवजी दुसरेच काही भरलेले, ते बनावट औषध. ज्यात घातक किंवा घाणेरडा पदार्थ मिसळला गेला, ते भेसळीचे औषध. याशिवाय तिसरा प्रकार कमी दर्जाचा. कंपनी खरी, परवाना खरा, पण गोळीत औषधाची मात्रा कमी किंवा गोळी पोटात विरघळतच नाही.

कमी दर्जाचा माल नेहमी कारखान्यातच तयार होतो असेही नाही. कारखान्यातून चांगले निघालेले औषध पत्र्याच्या छपराखाली वैशाखाच्या उन्हात महिनाभर पडून राहिले तर त्याचा गुण जातो. इन्शुलिनसारखी औषधे २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यात ठेवावी लागतात. जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे नुसते फ्रीज असून काय उपयोग, हा विचार दुकानदाराने आणि गिऱ्हाइकानेही केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. जेनेरिक औषध म्हणजे नकली औषध नव्हे. जनऔषधी केंद्रातील स्वस्त गोळी ही मूळ औषधाच्या नावाने, परवान्याने तयार झालेली असते. जाहिरातीचा खर्च नसल्याने ती स्वस्त मिळते. स्वस्त म्हणून तिच्यावर संशय घेऊ नये आणि महाग म्हणून दुसरीवर आंधळा विश्वासही ठेवू नये. नकली माल करणारा नक्कल करतो ती चालणाऱ्या, नावाजलेल्या मालाचीच. हा नियम कापडात आहे तसा औषधातही आहे.

आपल्याच भागातील घटना

दूर जाण्याची गरज नाही. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जंतुनाशक गोळ्यांचा नमुना घेण्यात आला. तपासणीचा निकाल आला डिसेंबर २०२३ मध्ये, आणि गोळीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन मुळी नव्हतेच! पुढे नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अशा २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. पाकिटावर ज्या कंपनीचे नाव होते ती कंपनीच अस्तित्वात नसल्याचे आढळले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले. त्यानुसार या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्च यांच्या होत्या आणि हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयास पुरवलेल्या अझिथ्रोमायसिन गोळ्यांबद्दलही गुन्हा नोंदवला गेला. निमोनियाच्या किंवा विषमज्वराच्या रुग्णाला अंगाला लावायची पावडर खाऊ घातली तर काय होईल, हे सांगायला वैद्य नको.

याहून भयंकर प्रकार २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात घडला. छिंदवाडा म्हणजे आमच्यापासून बैतूलच्या पलीकडे. तेथील परासिया भागात सप्टेंबरपासून लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक बालके दगावली. ही मुले ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध प्याली होती. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. या विषाची चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची! महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच न वापरण्याची सूचना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली. लक्षात घेण्याची गोष्ट ही की हे औषध कोणा फेरीवाल्याने विकलेले नव्हते. डॉक्टरने लिहून दिले आणि औषधाच्या परवानाधारक दुकानातून ते घेतले गेले. आई-बापांनी सर्व काही रीतसर केले होते.

हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून आले होते आणि १४ रुग्णांचा बळी गेला होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध प्रशासनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशातही भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांशी सुमारे ७० बालकांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. रोग तोच, कारण तेच. औषधी दर्जाचा कच्चा माल महाग पडतो म्हणून कारखान्यात वापरायचा स्वस्त माल आणायचा आणि तपासल्याशिवाय भांड्यात ओतायचा.

सगळेच दुकानदार वाईट काय?

मुळीच नाही, आणि हे सांगणे इन्साफाचे आहे. केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधांची पाहणी केली. ४७,०१२ नमुने तपासले गेले. त्यात पूर्णपणे बनावट निघाले फक्त १३. कमी दर्जाचे मात्र १,८५० निघाले, आणि पाहणीवरून देशातील कमी दर्जाच्या औषधांचे प्रमाण ३.१६ टक्के असल्याचा अंदाज काढला गेला. विशेष म्हणजे किरकोळ दुकानांतील नमुन्यांत हे प्रमाण ३ टक्के, तर सरकारी पुरवठ्यातील नमुन्यांत १०.०२ टक्के होते. तेव्हा गावातील औषधवाला म्हणजे चोर, असे समजणे चूक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दहात एक औषध बनावट किंवा कमी दर्जाचे असल्याचा अंदाज दिला होता. आपल्या पाहणीचे आकडे त्यामानाने बरे आहेत. परंतु शंभरात तीन म्हणजे थोडे नव्हेत. ज्याच्या घरात त्या तिघांपैकी एक गोळी जाते त्याच्यासाठी ते शंभरात शंभरच.

आता धंद्याच्या दृष्टीने पाहू. दरनियंत्रण असलेल्या औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरला जातो. अशा धंद्यात कोणी दलाल येऊन चालणाऱ्या कंपनीचा माल निम्म्या भावात, कच्च्या चिठ्ठीवर देऊ लागला तर शहाण्या दुकानदाराने तेथेच ओळखावे. इतका स्वस्त माल येतो कुठून? एक तर चोरीचा, नाही तर मुदत संपल्यावर तारीख बदललेला, नाही तर मुळातच नकली.

कायद्याने इमानदार दुकानदाराला ढाल दिलेली आहे. आपण परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून माल घेतला, तो नीट ठेवला आणि योग्य ती खबरदारी घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते, हे दाखवता आले तर कलम १९ प्रमाणे त्याचा बचाव होतो. पण दाखवणार कशावरून? खरेदीच्या पक्क्या बिलावरून, ज्यावर बॅच क्रमांक लिहिलेला आहे. कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे वाचवणारा आपली ढाल स्वतःच विकून टाकतो. आणि शिक्षा लहान नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर बनावट औषध विकणाऱ्यास किमान ७ वर्षे, आणि त्या औषधाने कोणाचा जीव गेला किंवा जबर इजा झाली तर किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद व किमान १० लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

गिऱ्हाइकाने काय करावे?

पहिली गोष्ट, बिल मागा. बिलावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्या. आमच्याकडे बिल मागितले की काही दुकानदारांच्या कपाळाला आठी पडते, ‘चार गोळ्यांचे काय बिल?’ असे ऐकावे लागते. तरीही मागा. दहा गिऱ्हाइके मागू लागली की अकराव्याला आपोआप मिळेल.

दुसरी, गोळ्या कापून घ्यायच्या असतील तर बॅच व मुदतीच्या बाजूने कापून द्यायला सांगा. कागदाच्या पुडीतील सुट्या गोळ्या घेऊ नका. झोलाछाप डॉक्टरने पिशवीतून काढून दिलेल्या गोळ्या तर मुळीच नको.

तिसरी, नेहमीचे औषध असेल तर जुने रिकामे पाकीट जपून ठेवा आणि नव्याशी ताडून पाहा. छपाई फिकी, नावात अक्षर चुकलेले, गोळीचा रंग वेगळा, गोळी हातात भुरभुरते, बाटलीचे सील सैल, असे काही दिसले तर औषध घेऊ नका.

चौथी, १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० खपाऊ औषधांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. कॅलपोल, डोलो, शेलकाल ही त्यातील परिचित नावे. मोबाईलने तो कोड पाहिला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच, मुदत दिसते. पाकिटावरच्या मजकुराशी ते जुळले पाहिजे. घरातील शाळकरी मुलगाही हे काम करू शकतो.

पाचवी, लहान मुलांना खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. दोन वर्षांच्या आतील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतील मुलांना सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली तर बाटली सोबत घेऊन ताबडतोब उपजिल्हा रुग्णालय गाठा.

सहावी, संशय आला तर औषध फेकू नका. बिल, पाकीट व उरलेले औषध सांभाळा. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी १८००२२२३६५ आहे. कलम २६ प्रमाणे कोणताही खरेदीदार ठरावीक फी भरून आपले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे.

मेळघाटात या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. येथील आदिवासी बांधवाला भुमकाकडून दवाखान्याकडे वळवण्यासाठी डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षे घालवली आहेत. त्याने घेतलेली गोळी खडूची निघाली आणि तापाने मूल गेले, तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि त्याचे शेजारीही चढणार नाहीत. एका नकली पाकिटाने कितीतरी वर्षांची मेहनत बुडते.

म्हणून आमचे धारणी व आसपासच्या व्यापारी बांधवांना सांगणे आहे की बाजारात कोणी पुडी हातात घेऊन ‘ही गोळी कशाची?’ असे विचारत आला तर आपला गल्ला दोन मिनिटे सोडा, त्याला पाकीट वाचून दाखवा, मुदत सांगा. आणि औषध विक्रेत्यांनी आपल्या दुकानात ठळक मराठीत व हिंदीत एक पाटी लावावी : ‘येथे पक्के बिल मिळेल.’ जो इमानदार आहे त्याला ही पाटी लावायला खर्च काही नाही, आणि जो ती लावणार नाही त्याची ओळख गिऱ्हाइकाला आपोआप पटेल.