वाळलेल्या पानांचे दप्तर

लहानपणी वहीत पिंपळाचे पान जपून ठेवले नाही, असा मनुष्य आपल्याकडे विरळा. पान टिकते, पण ते कोणत्या गावच्या पारावरचे, कोणत्या साली तोडलेले, हे पुढे कोणासच आठवत नाही. विद्यापीठातला शुष्क वनस्पतिसंग्रह, म्हणजे हर्बेरियम, आणि आपली वही यांत खरा फरक एवढाच.

रीत साधी आहे. फुलाफळांसह डहाळी कागदांच्या घडीत दाबून वाळवायची, जाड कागदावर डकवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कोणी, कोठे, केव्हा. कसर लागू दिली नाही, तर असा कागद शेकडो वर्षे राहतो. चिठ्ठी गेली, की उरतो तो पालापाचोळा.

केंब्रिज विद्यापीठात १८२५ साली जॉन हेन्स्लो वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. एकाच जातीची अनेक रोपे ते एकाच कागदावर शेजारी शेजारी लावीत. जात एक, तरी तिच्यात भेद किती, हे विद्यार्थ्याला न सांगता दिसे. त्या विद्यार्थ्यांत चार्ल्स डार्विन होता. १८३५ साली गालापागोस बेटांवर त्याने वनस्पती गोळा केल्या, तेव्हा बेटांची नावे बहुतेक नीट टिपली. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ही दक्षता राहिली नाही. मागाहून सोबत्यांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. (गुरूची शिकवण पानांपुरतीच लागली, असे म्हणण्याचा आम्हांस मोह होतो!) पुढे जोसेफ हूकर यांनी हे नमुने तपासले आणि बेटागणिक वनस्पती निराळ्या असल्याचे उघड झाले. डार्विनच्या विचाराला तो मोठाच आधार होता.

पण एकाच जातीचे पन्नास नमुने कशाला, असे कोणी विचारील. प्रत्येक कागद एका दिवसाची आणि एका जागेची साक्ष असतो. उद्या त्याला कोणता प्रश्न विचारला जाईल, हे वाळविणाऱ्यास ठाऊक नसते. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्यावरील करप्याने भीषण दुष्काळ पाडला. तो रोग कोणत्या वाणाच्या जंतूने आणला, हे २०१३ साली कळले. तेही संग्रहांत जपलेल्या जुन्या रोगट पानांवरून.

आणि तरीही अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२४ साली आपला आठ लाखांहून अधिक नमुन्यांचा संग्रह अन्यत्र हलवून बंद करण्याचे जाहीर केले. देखभालीचा खर्च झेपत नाही, ही तक्रार अगदीच खोटी म्हणवत नाही. नमुने दुसरीकडे सुखरूप राहतीलही. पण तिथल्या विद्यार्थ्याला ते कागद हातात घेऊन शेजारी शेजारी मांडता येणार नाहीत.